पित्ताशयाचं ऑपरेशन अवघड जाणार का? तारीख घेण्याआधी ओळखायच्या खुणा

पित्ताशयात खडे निघाले की घरातला पहिला प्रश्न असतो, "खडा किती एमएमचा आहे?" आणि दुसरा, "किती आहेत?" इंदूरच्या रामबागेतल्या आजी असोत की राजेंद्र नगरातला तिशीतला मुलगा, रिपोर्ट हातात आला की बोट त्याच आकड्यावर जातं. पण ऑपरेशन सोपं जाईल की अवघड, हे त्या आकड्यावरून फारसं कळत नाही. १८ एमएमचा एकच खडा मोकळ्या पित्ताशयात इकडेतिकडे हलत असेल, तर दुर्बिणीचं ऑपरेशन तासाभरात आटोपू शकतं. त्याहून लहान खडा पित्ताशयाच्या मानेत अडकून महिनाभर सूज धरून बसला असेल, तर तेच काम तीन तास चालतं आणि कधी पोट उघडावं लागतं.

अवघडपणाच्या बहुतेक खुणा आधीच दिसतात. त्या तीन ठिकाणी असतात: दुखण्याच्या इतिहासात, सोनोग्राफीच्या मजकुरात आणि रक्ताच्या रिपोर्टात. घोळ होतो तो क्रमात. आधी तारीख आणि पॅकेज ठरतं, मग तपासण्या उरकल्या जातात, जुनी डिस्चार्ज कार्डं घरीच राहतात आणि संमतिपत्रावर सही होते ती रुग्ण स्ट्रेचरवर चढल्यावर. इंदूरच्या ओपीडीत हे रोज दिसतं, म्हणून इथे सगळा क्रम सरळ मांडते आहे. निदान तुमचे डॉक्टर करतील. तुम्ही त्यांच्यासमोर पूर्ण माहिती घेऊन बसावं, एवढ्यासाठी हे लिखाण आहे.

आधी हे तपासा. पोटात सतत दुखतंय, थंडी वाजून ताप आहे आणि डोळे पिवळे झालेत, असं एकत्र असेल तर पुढचं वाचत बसू नका. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची ही खूण आहे. त्याच दिवशी दवाखान्यात भरती व्हा. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन घाम फुटत असेल, तर पित्ताशयाचा विचार करण्याआधी ईसीजी काढून घ्या. हृदयविकाराचा झटकाही तिथेच दुखू शकतो.

## टप्पा १: दुखण्याचा इतिहास कागदावर उतरवा

हा टप्पा लोक सर्वांत जास्त टाळतात आणि सर्वांत जास्त माहिती यातूनच मिळते. डॉक्टरांसमोर बसल्यावर आठवत नाही, शिवाय रुग्ण आणि घरचे वेगवेगळं सांगतात. आदल्या दिवशी शांतपणे बसा आणि एका पानावर लिहा.

पहिलं दुखणं कधी आलं, नंतर किती वेळा आलं आणि प्रत्येक वेळी किती वेळ टिकलं? खड्याची साधी कळ जेवणानंतर येते, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या मध्यभागी वर दुखतं, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जातं आणि काही तासांत ओसरते. दुखणं सहा तासांच्या पुढे गेलं, सोबत ताप आला, बरगडीखाली हात लावू देईना, तर ती नुसती कळ नव्हे. पित्ताशयाला सूज आली असण्याची ती खूण आहे. अशी प्रत्येक सूज आत डाग ठेवून जाते आणि पित्ताशय यकृताला, आतड्याला, पित्तनलिकेला चिकटत जातं.

यासाठी कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं का? हा प्रश्न अधोरेखित करा. "सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, तीन दिवसांत घरी आलो, गॅसचं होतं" असं सांगून लोक मोकळे होतात. देवास, खरगोन किंवा महूच्या दवाखान्यातलं ते डिस्चार्ज कार्ड शोधून आणा. ऑपरेशन अवघड जाईल का, हे आधी सांगणाऱ्या गोष्टींत या एका नोंदीचं वजन सगळ्यांत जास्त आहे.

कधी डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, शौच पांढरट झालं, अंगाला खाज सुटली? खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्याचा तो पुरावा असू शकतो. स्वादुपिंडाला सूज आली होती का, तेही लिहा. कार्डावर 'पॅन्क्रियाटायटिस' असं असेल किंवा अमायलेज, लायपेज वाढलेले असतील. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढला असेल, म्हणजे ईआरसीपी झाली असेल, तर तारीख लिहा आणि आत स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवला आहे का तेही. स्टेंट आहे हे विसरून महिनोन्‌महिने तो तसाच राहू देणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

पोटाच्या जुन्या ऑपरेशनांचे व्रण मोजा आणि ते बेंबीच्या वर आहेत की खाली, ते लिहा. सिझेरियनचा खालचा व्रण सहसा फार आड येत नाही. अल्सर फुटून केलेलं ऑपरेशन किंवा बेंबीच्या वरच्या हर्नियाची जाळी मात्र दुर्बीण आत घालतानाच अडचण करू शकते.

शेवटी आजार आणि औषधं. मधुमेह, लिव्हरचा सिरॉसिस, हृदयात टाकलेला स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं, सगळं. मधुमेही आणि वृद्ध रुग्णांमध्ये आतली सूज भयंकर असूनही दुखणं कमी जाणवू शकतं, म्हणून "आजींना फारसं दुखत नाही" या वाक्यावर निर्धास्त होऊ नका.

चूक टाळा. पुरुष रुग्ण दुखणं कमी करून सांगतात. सराफ्याच्या खाऊगल्लीत जास्त खाल्लं, ॲसिडिटी झाली, गोळी घेतली, बस. पुरुषांमध्ये हे ऑपरेशन अवघड जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक पाहण्यांत आढळलंय. काकांच्या दुखण्याचा हिशेब काकूंना विचारून लिहा. तो बहुधा जास्त खरा निघतो.

## टप्पा २: सोनोग्राफी उपाशीपोटी करा आणि नेमक्या ओळी वाचा

पित्ताशय नीट दिसायला ते पित्ताने भरलेलं हवं. त्यासाठी सहा ते आठ तास काही खायचं नाही. सकाळी सोनोग्राफीला जाताना वाटेत पोहे खाल्ले किंवा दुधाचा चहा घेतला, तर पित्ताशय आकुंचन पावतं आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. रिपोर्टात 'कॉन्ट्रॅक्टेड गॉलब्लॅडर' लिहून येतं आणि ते आजारामुळे आहे की पोह्यांमुळे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. खाल्लं असेल तर तपासणी करणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी या. जुने खडे, त्यात महिनाभरापूर्वीची सोनोग्राफी आणि मधल्या काळात दुखणं येऊन गेलेलं, अशी स्थिती असेल तर नवी करून घ्या.

आता रिपोर्ट उघडा. खड्याच्या आकड्यावरून पुढे जा आणि या गोष्टी शोधा.

भिंतीची जाडी. उपाशीपोटी ३ एमएमपर्यंत सामान्य मानतात. ४ एमएम किंवा अधिक असेल तर सूज येऊन गेली आहे किंवा चालू आहे असं धरून पुढचे प्रश्न विचारा. 'वॉल थिकन्ड' किंवा 'एडिमेटस' असे शब्द दिसतील.

पित्ताशयाभोवती पाणी. 'पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड' किंवा 'कलेक्शन' ही ताज्या, जोरदार सुजेची खूण.

मानेत अडकलेला खडा. 'इम्पॅक्टेड ॲट नेक' किंवा 'हार्टमन्स पाउच' (मानेजवळचा फुगवटा). कूस बदलली तरी हलत नाही तो खडा. याला मी रिपोर्टातली सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणेन, कारण सर्जनला काम करायचं असतं ते नेमकं याच जागी. खडा तिथे रुतून बसला की मान आणि मुख्य पित्तनलिका एकमेकींना चिकटतात. बाहेरून दाब देऊन तो नलिकाच अडवत असेल तर त्याला मिरिझी सिंड्रोम म्हणतात. रिपोर्टात हे नाव दिसलं तर पित्तमार्गाच्या कामाचा विशेष अनुभव असलेल्या सर्जनकडेच जा.

आक्रसलेलं पित्ताशय. रुग्ण खरंच उपाशी होता आणि तरीही पित्ताशय आक्रसून खड्यांवर घट्ट बसलंय, असं असेल तर ती वर्षानुवर्षांच्या सुजेची खूण. काही रिपोर्टांत 'डब्ल्यूईएस' असं लिहिलेलं असतं: भिंत, खडा आणि खड्याची सावली, एवढंच दिसतं. धरायला जागा नसते, त्यामुळे हे ऑपरेशन अवघड जातं.

मुख्य पित्तनलिकेची रुंदी. रिपोर्टात 'सीबीडी' म्हणून असते. साधारण ६ एमएमपर्यंत सामान्य; वयाबरोबर थोडी वाढते. त्यापेक्षा बरीच रुंद असेल तर नलिकेत खडा आहे का, हे पाहिल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

थांबा, हे वाचा. भिंत जाड दिसली म्हणजे पित्ताशयच आजारी आहे असं नाही. डेंगू, कावीळ, सिरॉसिस, हृदयाची कमजोरी यांतही ती सुजते. पावसाळ्यात आणि त्यानंतर तापाचा रुग्ण सोनोग्राफी करतो, भिंत ८ एमएम येते आणि घरचे घाबरून सर्जन शोधायला लागतात. खडे नाहीत, ताप आहे, प्लेटलेट्स उतरताहेत, तर आधी डेंगूचा इलाज करा. ताप गेला की ती भिंत बहुधा आपोआप पूर्ववत होते.

## टप्पा ३: रक्ताच्या तपासण्या सोनोग्राफीशेजारी ठेवा

पांढऱ्या पेशी, बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्कलाइन फॉस्फेटेज आणि लिव्हरची बाकीची एन्झाइम्स, साखर, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची तपासणी. सूज चालू असेल तर सीआरपी. एकेकटा आकडा पाहून घाबरायचं नाही, आणि निश्चिंतही व्हायचं नाही.

जगभर वापरल्या जाणाऱ्या टोकियो मार्गदर्शक सूचनांत तीव्र सुजेच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पांढऱ्या पेशी १८,००० च्या वर, दुखणं सुरू होऊन ७२ तास उलटलेले, बरगडीखाली हाताला लागणारी दुखरी गाठ किंवा आत पू अथवा कुजलेली भिंत, यांतलं काहीही असलं तर दुसरी पायरी. मूत्रपिंड, श्वास, रक्तदाब, शुद्ध यांवर परिणाम झाला तर तिसरी. दुसऱ्या पायरीपासून पुढे अनुभवी हात आणि आयसीयूची सोय असलेली जागा पाहायची.

बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आणि सीबीडीही रुंद, असं दोन्ही असेल तर एमआरसीपी करायला सांगतात. हा एमआरआयचाच प्रकार आहे आणि त्यात नलिकेतला खडा दिसतो. "अजून एक टेस्ट, अजून खर्च" म्हणून लोक इथे कुरकुर करतात. पण नलिकेत खडा राहिला आणि पित्ताशय काढलं, तर ऑपरेशननंतर कावीळ होऊन पुन्हा भरती व्हावं लागतं. इथे पैसे वाचवू नका.

## टप्पा ४: गुण मांडून पाहा

२००९ साली रंधावा आणि पुजाहारी या भारतीय सर्जनांनी ऑपरेशनआधी अवघडपणाचा अंदाज घेण्यासाठी १५ गुणांचा तक्ता मांडला. तो सोपा आहे आणि घरी बसून बराचसा भरता येतो:

- वय ५० च्या वर: १
- पुरुष: १
- पित्ताशयाच्या सुजेसाठी पूर्वी भरती: ४
- बीएमआय २५ ते २७.५: १, त्याहून जास्त: २
- पोटावर व्रण बेंबीखाली: १, बेंबीच्या वर: २
- पित्ताशय हाताला लागतं: १
- भिंत ४ एमएम किंवा जाड: २
- भोवती पाणी: १
- खडा अडकलेला: १

५ पर्यंत सोपं, ६ ते १० अवघड, ११ ते १५ फार अवघड. बीएमआयसाठी किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पित्ताशय हाताला लागतं का, ते डॉक्टरांना विचारा. स्वतः पोट दाबून पाहू नका.

समजा मामा ५८ वर्षांचे, बीएमआय २८, मागच्या दिवाळीनंतर चार दिवस भरती, भिंत ५ एमएम, खडा मानेत. वयाचा १, पुरुष म्हणून १, भरतीचे ४, वजनाचे २, भिंतीचे २, खड्याचा १. बेरीज ११. या माणसासाठी "सकाळी जा, संध्याकाळी घरी" असं कुणी सांगत असेल, तर त्यांना भरतीचं कार्ड दाखवलं होतं का, ते आठवून पाहा.

या तक्त्यात मधुमेह, सिरॉसिस, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, ईआरसीपी येत नाहीत. म्हणून गुण कमी आले तरी टप्पा १ मधल्या नोंदी बाजूला टाकू नका. गुण जास्त आले म्हणजे ऑपरेशन करू नये, असा अर्थ तर मुळीच नाही. कुठे करायचं, कुणी करायचं आणि किती तयारीने, एवढंच त्यातून ठरतं.

## टप्पा ५: कर्करोगाची शंका आधीच दूर करा

उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचा कर्करोग जगातल्या बहुतेक भागांपेक्षा जास्त आढळतो. आपल्याकडे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली कुटुंबं बरीच आहेत. त्यांनी हा टप्पा अजिबात गाळू नये.

भिंत सगळीकडे सारखी जाड असणं वेगळं आणि एकाच ठिकाणी जाड असणं वेगळं. 'फोकल थिकनिंग', 'मास', १० एमएमपेक्षा मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवरचा कोंब), जवळच्या लसीका ग्रंथी वाढलेल्या, भूक आणि वजन झपाट्याने घटलेलं, यांतलं काही असेल तर ऑपरेशनआधी सीटी स्कॅन हवा. जुनाट सुजेचा एक प्रकार हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, त्यामुळे शब्द वाचून खचून जाऊ नका. पण तपासल्याशिवाय साधं दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेऊ नका. कर्करोग असेल तर शस्त्रक्रिया वेगळी असते: यकृताचा भाग आणि ग्रंथीही काढाव्या लागतात. अशा पित्ताशयाला आत चीर गेली तर रोग पोटात पसरू शकतो.

## टप्पा ६: वेळ निवडा

"सूज उतरू दे, मग बघू" हा सल्ला घरोघरी मिळतो. त्यात अर्धंच तथ्य आहे.

तीव्र सूज सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत पित्ताशय फुगलेलं असतं, पण थर एकमेकांपासून सुटतात. त्यानंतर ते चिकटू लागतात: ओला डिंक आणि वाळता डिंक यांत जो फरक, तोच. म्हणून रुग्ण भूल सोसण्याजोगा असेल तर त्याच भरतीत, शक्य तितक्या लवकर ऑपरेशन करण्याकडे आता सर्जनांचा कल आहे. ती वेळ हुकली तर बहुधा सहा आठवडे थांबतात. मधल्या दुसऱ्या-चौथ्या आठवड्यात चिकटलेलं सगळं कडक आणि रक्ताळ असतं. घरच्यांनी पाहुणे, परीक्षा, लग्न यांच्या सोयीने तारीख नेमकी याच आठवड्यांत पाडावी, ही मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट आहे.

स्वादुपिंडाची सौम्य सूज येऊन गेली असेल तर पित्ताशय त्याच भरतीत काढणं चांगलं. घरी जाऊन थांबल्यास पुन्हा सूज येण्याचा धोका असतो. ईआरसीपी झाली असेल तर दोन आठवड्यांच्या आत. "खडा निघाला, आता काय गरज" म्हणून लोक थांबतात आणि पुढचं ऑपरेशन स्वतःच अवघड करून ठेवतात.

कधीच न दुखलेल्या, सहज सापडलेल्या खड्यांना बहुतेक वेळा ऑपरेशनची घाई नसते.

चूक टाळा. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पडले' असं सांगणारे भेटतात. शौचातून पडतात ते हिरवट गोळे त्याच तेलाचे बनलेले असतात. मूतखड्याची औषधं, कुळथाचं कढण यांचा पित्ताशयाशी संबंध नाही. या प्रयोगांत सहा महिने जातात, त्यात दोनदा सूज येऊन जाते आणि टप्पा ४ मधले चार गुण वाढतात.

## टप्पा ७: सर्जनला हे विचारा

इंदुरात सोयी भरपूर आहेत. एमजीएम मेडिकल कॉलेजचं एमवाय हॉस्पिटल आहे आणि खाजगी मोठी हॉस्पिटलंही. त्यामुळे नावापेक्षा उत्तरं ऐका.

माझे गुण इतके आहेत, भिंत इतकी आहे, तुम्हाला हे अवघड वाटतं का? आत चिकटलेलं निघालं तर तुम्ही काय कराल? गरज पडली तर मदतीला दुसरे सर्जन येऊ शकतील का? ईआरसीपी याच इमारतीत होते का, की बाहेर पाठवता? रक्तपेढी आणि आयसीयू? "माझ्याकडे कधीच पोट उघडावं लागत नाही" हे उत्तर मला दिलासा देणार नाही. अवघड पित्ताशयं हाताळणाऱ्या प्रत्येक सर्जनवर ती वेळ येते.

आयुष्मान कार्ड वापरणार असाल तर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण आहे. दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागलं तर मंजुरीत काय बदलतं, हे काउंटरवर आधीच विचारून ठेवा. विम्यालाही तोच प्रश्न.

## टप्पा ८: संमतिपत्र आदल्या दिवशी वाचा

आत काय होतं हे कळलं तर सही करताना हात थरथरत नाही. पित्ताशय यकृताखाली असतं. त्याची बारीक नळी मुख्य पित्तनलिकेला जाऊन मिळते. बारीक नळी कापायची असते; मुख्य नलिकेला धक्काही लागू द्यायचा नसतो. सुजेने दोन्ही चिकटल्या की एक दुसरीसारखी दिसते आणि चूक तिथेच होते. हजारात साधारण तीन ते पाच रुग्णांत मुख्य नलिकेला इजा होते, आणि झाली तर मोठं ऑपरेशन, महिने-वर्षांचा त्रास.

हे टाळण्यासाठी सर्जन काहीही कापण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी पाहतात. यकृत आणि नळ्यांमधला त्रिकोण चरबी, जाळं काढून साफ झाला आहे. पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटला आहे. आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना उरल्या आहेत: एक नळी, एक रक्तवाहिनी. या पद्धतीला 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' म्हणतात. त्याचा फोटो किंवा व्हिडिओ जपून ठेवता का, असं तुम्ही विचारू शकता.

हे दृश्य मिळालंच नाही तर पुढे रेटायचं नाही. तेव्हाचे सुरक्षित मार्ग असे: चिकटलेली मान मागे ठेवून बाकीचं पित्ताशय काढणं, पोट उघडून पूर्ण करणं, किंवा नुसती निचरा-नळी ठेवून बाहेर येणं आणि जास्त अनुभवी ठिकाणी पाठवणं. मान मागे ठेवली तर निचरा-नळीतून काही दिवस पित्त येऊ शकतं, क्वचित त्यासाठी ईआरसीपी लागते, आणि उरलेल्या भागात पुढे खडे होण्याची थोडी शक्यता राहते. मुख्य नलिका वाचवण्यासाठी ही किंमत फार छोटी आहे.

म्हणून संमतिपत्रात हे सगळे मार्ग लिहिलेले आहेत ना, ते पाहा. आणि निर्णय घेणारी एक व्यक्ती ठरवा. आपल्या बऱ्याच घरांत मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो. मधेच ऑपरेशन थिएटरचं दार उघडून सर्जन म्हणतात, "पोट उघडावं लागेल," आणि बाहेर उभे असलेले सगळे फोन लावायला धावतात. त्या मुलाला आदल्या रात्रीच सगळं समजावून सांगा. "दुर्बिणीनेच करा, आम्ही त्याचेच पैसे भरलेत" हे वाक्य त्या दारात कुणीही उच्चारू नये.

## टप्पा ९: आदल्या दिवशीची तयारी

हलकं खाणंही निदान सहा तास आधी बंद, तळलेलं किंवा जड असेल तर आठ. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ पाळा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. न विचारता चालूही ठेवू नका. लेखी विचारा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, हे अनेकांना माहीत नसतं. वजनाचं किंवा साखरेचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

फाइल एकच असू द्या. टप्पा १ चं पान वर, मग डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफी, रक्त, एमआरसीपी. सोनोग्राफीचा नुसता कागद पुरेसा नाही, फिल्म किंवा सीडीही ठेवा.

## टप्पा १०: नंतरचे दिवस

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांद्यात दुखतं. पोटात भरलेल्या वायूमुळे ते होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. खरी कसोटी एकच: प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटदुखी वाढतेय, पोट फुगतंय, ताप, उलट्या, नाडी जलद, डोळे पिवळे किंवा निचरा-नळीत हिरवट-पिवळं पित्त येऊ लागलं, यांतलं काहीही झालं तर गॅसची गोळी देऊन वाट पाहू नका. ऑपरेशन झालं त्याच ठिकाणी फोन करा आणि आता, याच क्षणी, तपासायला सांगा. नलिकेला इजा झाल्याचं निघालं तर तिची दुरुस्ती पित्तमार्गाच्या तज्ज्ञ सर्जनकडून होणं गरजेचं असतं. तिथे हलवण्याची मागणी करायला संकोच करू नका.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर नेमकं काय केलं ते लिहून घ्या: पूर्ण काढलं की मान ठेवली, पोट उघडलं का, निचरा-नळी कधी काढायची. स्टेंट असेल तर तो काढण्याची तारीख मोठ्या अक्षरांत.

आणि काढलेलं पित्ताशय बायोप्सीला पाठवलंय ना, हे त्याच दिवशी विचारा. खडे डबीत घालून लोक घरी नेतात, पाहुण्यांना दाखवतात आणि बायोप्सीचा रिपोर्ट लॅबमध्ये पडून राहतो. कधी साध्या खड्यांच्या पित्ताशयात कर्करोग सापडतो तो याच रिपोर्टात. रिपोर्ट कधी मिळेल ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, कोण आणणार ते घरात ठरवा, आणि आणल्यावर फाइलमध्ये ठेवण्याआधी सर्जनना दाखवा.